टोकनचं नाव नेमकं कुणासाठी?

समजा, चोपड्याच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी हिशोबपट्टी लिहायची छोटीशी भाषा बनवायची आहे. दिवाणजी एका ओळीत एवढंच टाइप करणार:

दादर १२ क्विंटल @ ३४०० -> अमळनेर ;

म्हणजे बारा क्विंटल दादर ज्वारी, चौतीसशे रुपये दराने, माल अमळनेरला. पुढचं हमाली-तोलाईचं गणित प्रोग्रॅम करेल आणि पट्टी छापून देईल. आता घाईत दर टाकायचा राहिला आणि '@' नंतर थेट बाण आला, तर प्रोग्रॅमने सरळ सांगावं की इथे दर राहिला. त्याऐवजी पडद्यावर उमटतं, "सिन्टॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टीके_एआरआर, एक्स्पेक्टिंग टीके_एनयूएम". दिवाणजी डोक्याला हात लावून विचारणार, "भाऊ, हाई काय शे?"

प्रश्न रास्त आहे. 'टीके_एनयूएम' हे नाव प्रोग्रॅमरने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलं होतं. ते दुकानाच्या गादीपर्यंत पोहोचायचं काहीच कारण नव्हतं. ते तिथे कसं पोहोचतं आणि त्याला वाटेत कुठे अडवायचं, हे समजायला आधी थोडी आतली रचना पाहू.

ओळ वाचण्याचं काम दोघं वाटून घेतात. पहिला स्कॅनर. तो अक्षरं चाळतो आणि त्यांचे अर्थपूर्ण तुकडे पाडतो: हा एक शब्द, ही एक संख्या, हे '@', हा बाण. या तुकड्यांना टोकन म्हणतात. दुसरा पार्सर. त्याला अक्षरांशी देणंघेणं नाही, तो फक्त टोकनांचा क्रम तपासतो. आधी माल, मग संख्या, मग 'क्विंटल', मग '@' हा क्रम त्याला व्याकरणाच्या नियमांतून कळतो. पार्सर हाताने लिहिणं किचकट, म्हणून आपण फक्त नियम लिहायचे आणि पार्सरचा कोड एखाद्या अवजाराकडून तयार करून घ्यायचा. त्या अवजाराचं नाव पार्सर जनरेटर. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'याक' बनवलं. १९८५ मध्ये रॉबर्ट कॉर्बेट यांनी 'बायसन' लिहिलं आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते याकशी जुळवून घेतलं. आजही खूप ठिकाणी बायसनच वापरात आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच घेतो.

स्कॅनर आणि पार्सर एकमेकांशी नावांनी बोलत नाहीत, आकड्यांनी बोलतात. स्कॅनर दर वेळी एक आकडा परत देतो. ० म्हणजे मजकूर संपला. '@' किंवा ';' सारखं एका अक्षराचं चिन्ह असेल, तर त्या अक्षराचा स्वतःचाच आकडा चालतो: '@' चा ६४, ';' चा ५९. एका बाइटमध्ये मावणारी अक्षरं २५५ पर्यंतची जागा धरून बसतात. २५६ चुकीसाठी आणि २५७ अनोळखी टोकनसाठी राखलेला. त्यामुळे आपण जाहीर केलेल्या टोकनांना बायसन २५८ पासून पुढे आकडे वाटतो. बाण २५८, क्विंटल २५९, असं. हे आकडे लक्षात ठेवणं माणसाचं काम नाही, म्हणून प्रत्येकाला एक नाव दिलं जातं. ते नाव हेडर फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनर आणि पार्सर दोघांनाही वाचता येणाऱ्या नावांच्या यादीत, जातं आणि स्कॅनरचा कोड तेच नाव वापरून आकडा परत करतो.

म्हणजे टोकन एक आणि त्याच्याकडे बघणारे तीन जण: सी भाषेतला स्कॅनर, व्याकरणाचे नियम वाचणारा प्रोग्रॅमर आणि चुकीचा संदेश वाचणारे दिवाणजी. आपल्याकडे बँकेच्या संगणकाला खाते क्रमांक पुरतो, रेशन कार्डावर आत्माराम लागतो आणि गल्लीत हाक मारायची तर आबाच म्हणावं लागतं, तसाच हा प्रकार. तिघांवर एकच नाव लादलं की कुणाची तरी पंचाईत होते, आणि सहसा ती शेवटच्याचीच होते.

बायसनने यासाठी टोपणनावाची सोय दिली आहे. जाहीर करताना असं लिहायचं:

%टोकन टीके_बाण "->"
%टोकन टीके_क्विंटल "क्विंटल"
%टोकन टीके_संख्या "संख्या"
%टोकन टीके_शब्द "नाव"

(खऱ्या फायलीत डावीकडची नावं रोमन अक्षरांतच लागतात, बायसन तिथे देवनागरी घेत नाही. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहिली आहेत. उजवीकडे अवतरणचिन्हांत मात्र देवनागरी खरोखर चालते.)

टोपणनावाने नवं टोकन तयार होत नाही आणि नवा आकडाही मिळत नाही. 'टीके_बाण' म्हणा किंवा "->" म्हणा, आतमध्ये आकडा तोच. फायदा लगेच दिसतो तो नियम लिहिताना:

नोंद: "नाव" "संख्या" "क्विंटल" '@' "संख्या" "->" "नाव" ';'

भाषा न शिकलेल्या माणसालाही ही ओळ वाचता येते. स्कॅनरला मात्र टोपणनावाचा उपयोग नाही. हेडर फाइलमध्ये ते नाव म्हणून जात नाही आणि "->" हे सी भाषेत कुणाचं नाव होऊही शकत नाही. स्कॅनर 'टीके_बाण' च परत करणार. आणि चुकीचा संदेश तयार होताना टोपणनाव असेल तर बायसन तेच छापतो. नसेल तर डावीकडचं नाव जसंच्या तसं बाहेर येतं. दिवाणजींसमोर 'टीके_एनयूएम' आलं ते याच वाटेने.

मग टोपणनाव ठेवायचं काय? सगळ्या टोकनांना एकच पद्धत लावली की गडबड होते. ठरलेला शब्द किंवा चिन्ह असेल तर टोपणनाव तोच शब्द, तेच चिन्ह. माणसाला जे टाइप करायचं आहे ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे. पण 'संख्या' किंवा 'नाव' हे टोकन म्हणजे एक जात आहे. तिथे काय टाइप करायचं ते ठरलेलं नाही, म्हणून तिथे वर्णन हवं. आता या दोन प्रकारांत संदेश वाचणाऱ्याला फरक कळणार कसा? "हवे होते: नाव" असं आलं, तर 'नाव' हा शब्द टाइप करायचा की गावाचं नाव टाकायचं? आपल्या भाषेत उद्या अटी आल्या आणि 'आणि', 'किंवा' हे शब्द टोकन झाले, तर संदेश येईल: "हवे होते: किंवा किंवा आणि". वाचणारा गार. म्हणून ठरलेल्या शब्दांच्या आणि चिन्हांच्या टोपणनावात आतली एकेरी अवतरणचिन्हंही घालावीत: "'किंवा'", "'->'", "','". वर्णनं तशीच मोकळी ठेवावीत. मग संदेश होतो: "हवे होते: 'किंवा' किंवा 'आणि'". दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे, पण माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी हीच.

टोपणनावाकडे कानाडोळा केला तर काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं. इस्रायलच्या टेक्निऑनमध्ये शिकणाऱ्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी १९९७ च्या सुमारास पीएचपीचा पार्सर नव्याने लिहिला. '::' या चिन्हाच्या टोकनला त्यांनी हिब्रूत नाव दिलं, 'टी_पामायिम_नेकुदोतायिम'. अर्थ साधाच, दोनदा अपूर्णविराम. त्यांच्यापुरतं ते ठीकच होतं. पण टोकनची कच्ची नावं संदेशात छापली जात होती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जगभरातले नवशिके "अनएक्स्पेक्टेड टी_पामायिम_नेकुदोतायिम" वाचून घाबरत राहिले. कोडमध्ये चूक एका चिन्हाची असायची आणि माणूस शोधत बसायचा त्या शब्दाचा अर्थ. २०१२ च्या ५.४ आवृत्तीत संदेशामध्ये '::' दिसू लागलं, पण शेजारी कंसात ते नाव होतंच. २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ पासून संदेशात फक्त "::" येतं. हिब्रू नाव व्याकरणाच्या फायलीत आजही आहे, आणि असायला काही हरकत नाही. ते आता फक्त ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच दिसतं.

गंमत म्हणजे मला त्याच पीएचपीतलं दुसरं नाव जास्त घातक वाटतं: 'टी_स्ट्रिंग'. वाचणाऱ्याला वाटतं अवतरणचिन्हांतला मजकूर, पण ते टोकन असतं साध्या नावाचं, म्हणजे फंक्शनचं, क्लासचं वगैरे. अवतरणचिन्हांतल्या मजकुराचं टोकन वेगळंच. हिब्रू नाव निदान कळत नाही हे तरी कळतं. 'टी_स्ट्रिंग' कळल्यासारखं वाटतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

आता संदेश मराठीत हवेत म्हटल्यावर आणखी एक घोळ समोर येतो, जो इंग्रजीत जाणवत नाही. बायसनच्या संदेशाचा साचा ठरलेला असतो आणि त्यात मोकळ्या जागी टोकनचं नाव भरलं जातं. आपण साचा लिहिला "अमुकच्या जागी तमुक हवे होते", तर 'अमुक' मध्ये 'संख्या' भरल्यावर "संख्याच्या जागी" होतं. मराठीत "संख्येच्या" म्हणतात. 'बाण' चं "बाणच्या" होतं, हवं असतं "बाणाच्या". शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं सामान्यरूप होतं, आणि साच्याला ते ठाऊक नाही. प्रत्येक टोकनची दोन-दोन रूपं साठवणं म्हणजे फुकटची उस्तवार. त्यापेक्षा साचाच असा लिहावा की नावाला प्रत्यय लागणार नाही: "आले: संख्या. हवे होते: 'क्विंटल'". भाषा थोडी तुटक वाटते, पण पट्टीवर रकाने वाचायची सवय असलेल्या माणसाला ती बोचत नाही.

हे करायला बायसनची नवी आवृत्ती हवी. मे २०२० मध्ये आलेल्या ३.६ मध्ये संदेशांचे दोन नवे प्रकार आले. 'डिटेल्ड' मध्ये टोपणनावांचं भाषांतर करता येतं. 'कस्टम' मध्ये संदेश बांधायचं कामच आपल्या हातात येतं, आणि वरचा मराठी साचा लिहायचा तर हाच घ्यावा. जुना 'व्हर्बोस' प्रकार इंग्रजीसाठी बरा होता. त्यात देवनागरी टोपणनाव कधीकधी बाइटच्या आकड्यांत फुटून बाहेर पडू शकतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, त्यामुळे एकट्या 'क' चं \३४०\२४४\२२५ होतं. 'क्विंटल' या शब्दात अशा सात खुणा आहेत, पुढचा हिशोब तुम्हीच करा. याच तीन बाइटमुळे एकेरी अवतरणचिन्हांतलं टोकन, म्हणजे '@' सारखं, देवनागरी अक्षराचं करता येत नाही. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट अशीच समजूत आहे. वाक्य संपवणारा दंड (।) हवा असेल तर रीतसर टोकन जाहीर करून "।" हे टोपणनाव द्यावं लागतं.

आणखी एक मर्यादा ठाऊक असलेली बरी. त्या जागी चालू शकणारी टोकनं चारपेक्षा जास्त असतील, तर नेहमीचा संदेश ती यादीच गाळतो आणि काय आलं तेवढंच सांगतो. पंधरा शक्यता वाचून कुणाचंही भलं होत नाही, त्यामुळे मला हे पटतं.

आता जरा सी भाषेकडे. डावीकडची नावं हेडर फाइलमध्ये जातात आणि तिथे आधीच बरीच गर्दी असते. टोकनचं नाव 'ईओएफ' ठेवलं तर सी च्या स्वतःच्या 'ईओएफ' शी टक्कर. 'एरर', 'इन', 'व्हॉइड' ही नावं विंडोजच्या हेडरमध्ये मॅक्रो म्हणून, म्हणजे दिसताच दुसऱ्या मजकुराने बदलली जाणारी नावं म्हणून, बसलेली. टक्कर झाली की कंपायलर अशा ठिकाणी बोट दाखवतो जिथे चूक नसतेच. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या व्याकरणात 'नल_पी', 'ट्रू_पी', 'इन_पी' अशी शेपटी लावलेली नावं दिसतात, ती याचसाठी. बायसनमध्ये उपसर्ग एकदाच जाहीर करता येतो. मग व्याकरणात 'बाण' लिहायचं आणि हेडरमध्ये आपोआप 'टीके_बाण' जातं. हातानं प्रत्येक नावाला 'टीके_' चिकटवत बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

टोपणनावांचा खरा धोका मात्र वेगळाच आहे आणि तो आवाज न करता येतो. जाहीर करताना "->" लिहिलं आणि नियमात चुकून "=>" लिहिलं, तर बायसनने ओरडायला हवं. तो ओरडत नाही. "=>" हे एक नवंच टोकन आहे असं समजून त्याला एक आकडा देऊन मोकळा होतो. स्कॅनर तो आकडा कधीच परत करणार नाही, त्यामुळे तो नियम कधीच लागू होणार नाही. पार्सर तयार होतो, चालतो, आणि बरोबर लिहिलेली ओळ नाकारतो. यासाठी 'डँगलिंग अलायस' नावाचा इशारा आहे, म्हणजे कुठल्याच टोकनला न बांधलेलं, लोंबकळणारं टोपणनाव. पण "सगळे इशारे दाखव" म्हटलं तरी हा त्यात येत नाही, तो नाव घेऊन वेगळा चालू करावा लागतो. टोपणनावं वापरणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा.

मराठीत तर याची गरज दुप्पट. "व्यापाऱ्याचे नाव" हे टोपणनाव घ्या. यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत आधी खास 'ऱ' आणि मग हलन्ताची खूण, मिळून ६ बाइट. दुसऱ्या, जुन्या तऱ्हेत साधा 'र', हलन्त आणि डोळ्याला न दिसणारी 'झिरो-विड्थ जॉइनर' नावाची खूण, मिळून ९ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. जाहीर करणारी ओळ एकाने एका कीबोर्डवर टाइप केली आणि नियम दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर, की बायसनच्या दृष्टीने ती दोन वेगळी टोकनं झाली. डोळे फाडून पाहिलं तरी फरक सापडणार नाही. उपाय दोन: तो इशारा चालू ठेवायचा, आणि वर्णनाची टोपणनावं नियमांत वापरायचीच नाहीत. नियमात 'टीके_संख्या' सारखं साधं नाव लिहावं, टोपणनाव फक्त संदेशापुरतं राहू द्यावं. चिन्हांची टोपणनावं नियमांत खुशाल वापरावीत, "->" मध्ये असा छुपा घोटाळा व्हायला जागा नाही.

नाव ठेवण्याबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या पट्टीच्या पहिल्याच शब्दात दडली आहे. दादर म्हणजे आपली खान्देशातली रब्बीची ज्वारी. पण माल मुंबईला चालला असेल तर बाणाच्या पुढेही 'दादर' येऊ शकतं. कुणी 'टीके_माल' आणि 'टीके_गाव' अशी दोन टोकनं केली, तर बिचाऱ्या स्कॅनरने 'दादर' पाहून काय ठरवायचं? त्याला फक्त अक्षरं दिसतात, जागा दिसत नाही. म्हणून टोकनचं नाव 'शब्द' असावं, म्हणजे स्कॅनरला जेवढं कळतं तेवढंच. माल कुठला आणि गाव कुठलं हे ठरवणं पार्सरचं काम. बायसनमध्ये नियम लिहिताना चौकोनी कंसात भूमिकेचं नाव देता येतं: टीके_शब्द[माल] आणि टीके_शब्द[गाव]. मग पुढच्या कोडमध्ये त्या नावांनी तिथला शब्द उचलायचा. टोकन एकच, भूमिका दोन, आणि 'दादर १० क्विंटल @ ३४०० -> दादर ;' ही ओळही विनातक्रार वाचली जाते. संदेशात तिथे "नाव हवे होते" एवढंच येईल. "गावाचे नाव" असं हवं असेल तर 'कस्टम' प्रकारात आधी काय येऊन गेलं ते पाहून वेगळं सांगावं लागेल. छोट्या भाषेसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

हे सगळं बायसनचं झालं. अँटलर हे दुसरं लोकप्रिय अवजार उलट्या बाजूने विचार करतं. तिथे स्कॅनरचे नियमही त्याच फायलीत असतात. त्यामुळे 'बाण' या नावाच्या नियमात "->" एवढंच लिहिलेलं असेल, तर पार्सरच्या नियमातला "->" आपोआप त्याच्याशी जोडला जातो. वेगळं काही जाहीर करावं लागत नाही. संदेशात आधी चिन्ह, चिन्ह नसेल तर नाव, असा क्रमही अँटलरने ठरवून टाकला आहे. सोय मोठी, पण दोन ठिकाणी जपावं लागतं. स्कॅनरचा नियम न लिहिता थेट पार्सरच्या नियमात चिन्ह टाकलं, तर अँटलर स्वतःच 'टी__०', 'टी__१' अशी नावं वाटतो. मध्येच एक नवं चिन्ह आलं की ती नावं सरकतात, आणि कुणी त्या नावांवर कोड लिहिला असेल तर त्याचा अर्थच बदलतो. दुसरं म्हणजे एकाच चिन्हासाठी स्कॅनरचे दोन नियम लिहिले, तर नेमकं कुणाचं टोपणनाव हे ठरत नाही, आणि अँटलर ती जोडणीच सोडून देतो. पार्सरच्या नियमात मग "->" न लिहिता त्या दोघांपैकी एकाचं नाव लिहावं लागतं.